जपानशेठचं समुद्राकाठचं गाव

लग्न असो, दहावा असो, ग्रामसभा असो, चार माणसं जमली की माझे घरमालक दाराबाहेर उकिडवे बसलेले सापडायचे. आत काय चाललंय याच्याशी त्यांना देणंघेणं नसे. ते चपला फिरवत असत. आत जाणारा माणूस चपला काढतो तेव्हा त्यांची तोंडं घराकडे असतात. हे गृहस्थ ती एकेक करून रस्त्याकडे वळवायचे आणि जोड्याला जोड लावून ओळ धरायचे. निघताना पाय घातला की माणूस सरळ चालू लागला पाहिजे, मध्ये वळणं नको. एका लग्नात त्यांनी अख्ख्या वऱ्हाडाची पायताणं लहानापासून मोठ्यापर्यंत चढत्या क्रमानं लावली. नवरदेवाच्या मामाला आपले बूट सापडेपर्यंत वरात वेशीबाहेर गेली होती.

"आमच्या गावात अशीच असत्यात," ते मामाला समजावत होते. "कुणाला हुडकावं लागत न्हाई."

"तुमचं गाव कंचं?" मामा तापला होता.

"हितनं लई लांब हाय."

'आमचं गाव' म्हणजे वेल्हे तालुक्यातलं, धरणाच्या पाण्याकाठचं, ते ज्यात जन्मले आणि ज्यात त्यांचं घर होतं ते नव्हे. त्याला ते 'हितलं' म्हणत. आमचं गाव म्हणजे जपानमधलं समुद्राकाठचं एक लहानसं गाव. तिथे त्यांनी आठ-नऊ वर्षं एका हॉटेलात तंदूर सांभाळला होता. लोकांनी त्यांचं नाव जपानशेठ पाडलं होतं. तोंडावर जपानशेठ, पाठीमागे जपान्या. त्यांना दोन्ही माहीत होती आणि दोन्ही चालत.

मी मूळची भोरची. वडिलांचा बारका छापखाना होता, आणि ज्या मोर्चाच्या खिशात दमडी नसे त्याची पत्रकं आमच्याकडे छापली जात. मी अक्षरओळख केली ती 'जाहीर निषेध'वर. शाळेत नेलेली पोळी उरलेल्या पत्रकात गुंडाळलेली असायची आणि तिच्या पाठीवर उलटा 'धिक्कार असो' उमटायचा. तो खाऊन मी मोठी झाले. बी.एड. झाल्यावर त्या गावच्या हायस्कुलात तासिका तत्त्वावर मराठी शिकवायला लागले आणि जपानशेठच्या पडवीतली खोली भाड्यानं घेतली. पहिल्या दिवशी त्यांच्या बायकोनं, म्हणजे काकूंनी, विचारलं, "उपासतापास काय धरता का, बाई?"

"मी देव मानत नाही," मी ताठ मानेनं सांगितलं.

"मग बरंय," काकू म्हणाल्या. "साबुदाणा लई महाग झालाय."

काका, म्हणजे जपानशेठ, घास घेण्याआधी ताटाला हात जोडून कमरेत वाकायचे आणि जपानीत काहीतरी पुटपुटायचे. काकू शांतपणे आमटी वाढत म्हणायच्या, "जेवणाला नमस्कार करत्यात. करणारीला न्हाई." मग ते काकूंकडे वळून तसेच वाकत. काकू म्हणत, "पुरं आता, कंबर धरंल." हे रोज चाले. माझी आमटी तोवर निवायची.

एसटीतून उतरल्यावर ते वाकून ड्रायव्हरला नमस्कार करत. नवा ड्रायव्हर असेल तर तो घाबरून गाडी बंद करी. जुने ड्रायव्हर स्टिअरिंगवरचा एक हात उचलून म्हणत, "बास बास, शेठ, पुढं वेल्ह्याला टायम गाठायचाय."

ते गाव मी त्यांच्या तोंडून इतकं ऐकलं आहे की तिथे सोडलं तर आंधळ्यासारखी चाचपत हॉटेलापर्यंत पोचेन. नाव त्यांनी कधी नीट सांगितलं नाही. "नाव घिऊन काय करायचं? नकाशात टाचणी टोचली की टाचणीखाली जातंय." दोन डब्यांची गाडी. तिचा ड्रायव्हरच तिकिटं गोळा करतो. स्टेशनातून निघणारा एकच रस्ता, उताराचा, थेट बंदरावर जाणारा. त्याच्या दोन्ही बाजूंना दुकानं, निम्मी बंद. एक न्हावी, एक मिटलेलं पुस्तकाचं दुकान, आणि त्या दोहोंच्या मध्ये एका नेपाळी मालकाचं 'इंडियन' हॉटेल. त्यात आमचे वेल्ह्याचे काका. हायवेवर नसरापूरच्या बाजूला एका ढाब्यात ते तंदूर शिकले होते. तिथून एक एजंट त्यांना घेऊन गेला. टोकियो त्यांनी फक्त विमानतळाच्या काचेतून पाहिलं.

"म्हातारी माणसं येत्यात," ते सांगत. "कोळी. हात असे, दोरखंडावानी. म्हनत्यात तिखट नको. मग म्या रस्सा गोड करायचा. गोड म्हंजे किती? आपल्या हितं कुनी तोंडात धरला नसता. त्यो खाऊन घाम पुसायचे आन म्हनायचे, भारतात लई तिखट खात्यात."

बंदरावर माकुळ, म्हणजे स्क्विड, दोरीवर वाळत घातलेले असत, आपल्याकडे बनियन घालतात तसे. वास थेट आमच्या भोरच्या बाजारातल्या सुकटीच्या गल्लीचा. डोक्याला फडकी बांधलेल्या म्हाताऱ्या जाळीवर मासे पसरत बसत. आकाशात घारी फिरत आणि बेसावध माणसाच्या हातातला पाव उचलून नेत. काकांचा वडापाव, म्हणजे ते ज्याला वडापाव म्हणत तो पदार्थ, एका घारीनं पळवला होता. "तिनं बी परत टाकला," असं ते प्रामाणिकपणे सांगत. भुई हलली तर कुणी उठून पळत नसे. चहाचा कप तेवढा धरून ठेवत. तरणी माणसं शहरात गेलेली. शाळेत पोरं इतकी कमी की खेळांच्या दिवशी धावायला म्हातारे उतरत, आणि ज्यांना नातू नव्हते तेही टाळ्या वाजवायला येत.

हे सगळं त्यांनी हितल्या गावात आणून लावायचा उद्योग चालवला होता. तिकडे रस्त्याकडेला भाजी मांडून ठेवतात, शेजारी डबा. विकणारा कुणी नसतो. माणूस भाजी घेतो, डब्यात पैसे टाकतो. काकांनी पानशेतकडून येणाऱ्या रस्त्यावर वांगी मांडली आणि डबा ठेवला. संध्याकाळी जाऊन बघतात तर वांगी जशीच्या तशी, डबा गायब.

मी भडकले. पर्यटक, शहरी वर्ग, खासगी मालमत्ता, सगळं काढलं. काका वांगी पाटीत भरत म्हणाले, "सुरवात तर झाली, बाई. वांगी कुनी न्हेली न्हाईत."

संध्याकाळी पाच वाजता देवळाच्या भोंग्यावर काका एक मंजुळ धून लावत. तीही त्यांच्या 'आमच्या गाव'ची. तिकडे ती वाजली की पोरं घरी निघतात, आणि संकटाच्या वेळचा भोंगा चालू आहे की नाही याची रोज परीक्षाही होते. मी ध्वनिप्रदूषणाचा मुद्दा काढला.

"म्हशींची तक्रार हाय का?" काकांनी विचारलं.

म्हशींची तक्रार नव्हती. दोन महिन्यांत त्या धून ऐकून आपणहून डोंगर उतरू लागल्या होत्या.

आणि त्यांचं एक स्वप्न होतं. रस्त्याला लागून, धरणाच्या पाण्यावर झुकलेला जमिनीचा एक तुकडा त्यांनी जपानच्या कमाईतून घेतला होता. तिथे हॉटेल काढायचं. खिडक्या पाण्याकडे. पुण्याहून येणाऱ्यांना तंदूरची गरम नान आणि कोळ्यांचा तो गोड रस्सा. मी एकदा म्हणाले, "गोड रस्सा कोण खाईल?" ते म्हणाले, "खिडकीतनं बगत बगत खात्यात, बाई. समोर पानी असलं की मानूस काय बी खातो."

मग अंगणवाडीची खोली मंजूर झाली.

तोवर अंगणवाडी देवळाच्या ओसरीवर भरायची. काकांची नात चिमी तिथेच जायची. खोलीसाठी सरपंचांनी जागा दाखवली ती घरांच्या वरच्या अंगाचं गायरान. सपाट, मोकळं, सरकारी. त्याच्या मागे लगेच डोंगर सुरू होतो. दोन पावसाळ्यांपूर्वी त्या डोंगराच्या पोटावर भेग पडली होती, हात कोपरापर्यंत जाईल एवढी. आणि काकांना आठवत होतं की त्यांच्या आज्यानं त्यांना लहानपणी गायरानाच्या खालच्या कडेला उभं करून दाखवलं होतं, डोंगर एकदा हितपर्यंत उतरला होता, बैलांसकट गोठा घेऊन.

ग्रामसभेत काका उठले आणि आधी सगळ्यांना वाकून नमस्कार केला. तिथेच निम्मी सभा हसली. मग मी उठले. मी बोलले ते चांगलं बोलले, असं मला आजही वाटतं. त्यात भूगर्भशास्त्र होतं, बालहक्क होते, शासनाची उदासीनता होती. मी खाली बसले तेव्हा मागून कुणीतरी म्हणालं, "बाईंचा आवाज खणखणीत हाय." एवढाच परिणाम.

सरपंच माणूस वाईट नव्हता. तो म्हणाला, "जपानशेठ, मला दुसरी जागा दावा. न्हाई दावली तर खोली दुसऱ्या गावाला जाती. पोरं ओसरीवर भिजत्यात ती तुमाला दिसत न्हाईत व्हय?" कुणी जागा दाखवली नाही. ठराव झाला.

त्या दिवशी काका ताटाला नमस्कार न करताच जेवले. काकूंनी दोनदा माझ्याकडे पाहिलं. हात धुऊन आल्यावर त्यांनी मला एक गोष्ट सांगितली, जी आठ-नऊ वर्षांच्या इतक्या गोष्टींत कधी आली नव्हती. नवीन गेले तेव्हा त्यांना बंदराला लागून एक स्वस्तातली खोपटी भाड्यानं मिळत होती. मासे वाळवणारी एक म्हातारी त्यांना हाताला धरून गावामागच्या टेकडीवर घेऊन गेली. तिथे एक दगड उभा होता. अक्षरं कोरलेली. समुद्र एकदा या दगडापर्यंत आला होता, याच्या खाली घर बांधू नका. म्हातारीनं दगड पाण्यानं धुतला, पुढे एक संत्रं ठेवलं, वाकली, आणि मग काकांच्या दंडाला चिमटा काढला.

"चिमटा का?" मी विचारलं.

"मला भाषा येत न्हवती ना. वाचता येत न्हाई त्याला चिमटा."

दुसऱ्या दिवशी ते नसरापूरकडे गेले आणि एका पाथरवटाला दगड सांगून आले. मजकूर मी लिहायचा होता. मी रात्र जागून लिहिला. काकांनी तो चष्मा लावून वाचला आणि परत दिला. "चांगला हाय. पर दगडाला येवडं बोलता येत न्हाई." कापत कापत शेवटी दोन वाक्यं राहिली. 'याच्या वर घर बांधू नका. डोंगर इथवर आला होता.' तिकडे पाणी खालून येतं, इथे डोंगर वरून येतो, म्हणून 'खाली'चं 'वर' झालं. बाकी सगळं तिकडचंच.

टेम्पोतून दगड आला. गायरानाच्या खालच्या कडेला, आज्यानं दाखवलेल्या जागी, काकांनी तो रोवला. त्याला ते जपानी शब्दानं 'इशी' म्हणत, म्हणजे नुसतं दगड. आणि मग त्यांनी रोज सकाळी तेच केलं जे त्या म्हातारीनं केलं होतं. दगड धुतला, पुढे एक फळ ठेवलं, दोन्ही हात मांड्यांवर घेऊन कमरेत वाकले.

आता यातली चूक भोर-वेल्ह्यातल्या कुठल्याही माणसाला सांगावी लागणार नाही. आमच्या डोंगरात जो दगड कुणी रोज धुतो, ज्याच्यापुढे फळ ठेवतो आणि ज्याच्यापुढे वाकतो, तो दगड राहत नाही. महिना भरायच्या आत त्याच्यावर शेंदराचा पहिला बोट-पट्टा आला. मग हळद. मग खण, नारळ, हिरव्या बांगड्या. अक्षरं शेंदरानं भरून गेली आणि दिसेनाशी झाली. बायका इशाई म्हणू लागल्या. वरच्या पठारावरची धोंडाबाई धनगरीण, जिच्या शेरडांची वाट तिथूनच जायची, ती तर येता-जाता इशाईला गाऱ्हाणी सांगू लागली.

माझा तोल गेला. आम्ही विज्ञानाचा दगड लावला आणि गावानं त्याचा देव केला. मी त्याच दुपारी पत्रक लिहायला बसले. 'सुजाण ग्रामस्थहो' इथपर्यंत लिहून मी काकांना म्हणाले, "आत्ता चला. घासून काढू. लोक बघू देत."

काका खाली मान घालून हसत होते. त्यांचे खांदे हलत होते. "संत्रं तर म्याच ठेवलं, बाई. त्यांचं काय चुकलं?"

"तुम्ही तेव्हाच समजावून सांगायचं ना."

"कुनी इचारलंच न्हाई. इचारत्यात त्यो दगड. देवाला कोन इचारतंय तू कोन म्हनून?"

"तुमची नात त्या डोंगराखाली बसणार आहे," मी म्हणाले, "आणि तुम्ही हसताय."

ते हसायचे थांबले. चपला घालून कुठेतरी निघून गेले आणि पाचची धून त्या दिवशी लागली नाही. म्हशी खोळंबल्या.

जेसीबी आला तेव्हा मी शाळेत होते, पण बातमी वर्गात आली तशी आम्ही सगळेच गेलो, मुख्याध्यापकांसकट. गायरानात शिरायची वाट दगडाच्या अंगावरूनच होती. जेसीबीचा ड्रायव्हर खाली उतरून उभा होता. उत्रोलीचा पोरगा, कानात बाळी. सरपंच त्याला सांगत होता, "उचलून कडंला ठेव की. वर्षभरात छोटं देऊळ बांधू."

"म्या हात लावनार न्हाई," ड्रायव्हर म्हणाला. "मशीन माझी न्हाई, पर हात माझे हायेत."

धोंडाबाई शेरडं सोडून आली होती. काठी रोवून ती सरपंचाला म्हणाली, "आन कडंला ठेवून वर काय बांधनार? बाईच्या डोक्यावर घर? देवीच्या डोक्यावर पाय देऊन कुनी बसतंय का रं?"

हे कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. बायांमध्ये कुजबूज झाली. ज्या गावानं भूगर्भशास्त्रासकट माझं भाषण पचवलं होतं ते गाव या एका वाक्यानं गोंधळात पडलं. सरपंच मात्र हुशार. तो म्हणाला, "बरं. मंग तिलाच इचारू. उद्या सकाळी कौल लावायचा. हो म्हनाली तर बांधू, न्हाई म्हनाली तर मंजुरी परत. आन जपानशेठनं बसवलीया, तर कौल जपानशेठ लावनार."

कौल म्हणजे देवाच्या अंगाला उजवीकडे आणि डावीकडे फुलाच्या ओल्या पाकळ्या चिकटवायच्या आणि प्रश्न विचारायचा. आधी उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही.

घरी आल्या आल्या काका मोरीवर गेले, हात ओले केले आणि भिंतीला जास्वंदीच्या पाकळ्या लावून बघू लागले. चेहरा एकदम खुलला होता. "बाई, काम झालं. नान तंदुराच्या भिंतीला कशी लावायची, किती वल्या हातानं लावली की कवा सुटती, हेच तर म्या जन्मभर केलं. डावी पाकळी म्या म्हनंल तवा पाडीन."

"तुम्ही हे करणार नाही," मी म्हणाले.

"पोरं वाचत्यात, बाई."

"या वेळी वाचतील. पण तुमच्या पाकळीनं एकदा न्याय दिला की गाव पुढच्या प्रत्येक गोष्टीला पाकळीच लावणार. तेव्हा हात तुमचा असेल कशावरून? खोटी पाकळी ज्याला पाडता येते त्याची ती होते, काका."

मला वाटलं ते चिडतील. त्यांनी ओले हात पुसले. काकू चुलीपुढून म्हणाल्या, "बाई बरुबर बोलत्यात. सरपंचाचा मेव्हना बी ढाब्यावरच हाय. त्यो बी तंदूरच लावतो."

एक पाकळी भिंतीवरून सुटून खाली पडली. कुठली ते कुणी पाहिलं नाही. "मग काय करू?" काकांनी विचारलं, आणि पहिल्यांदाच त्यांच्या तोंडून 'आमच्या गावात' निघालं नाही.

"खरं सांगा."

"खऱ्याला कोन इचारतंय?"

"सांगून तरी बघा," मी म्हणाले. माझ्याकडे याहून चांगलं काही नव्हतं.

सकाळी सगळं गाव गायरानाच्या कडेला उभं होतं. काका चपला काढून पुढे गेले. हातात गोडेतेलाची वाटी आणि एक फडकं. पाकळ्या नव्हत्या. त्यांनी तेल लावून दगडाचा शेंदूर पुसायला सुरुवात केली, तसा बायांमधून एक आवाज उमटला, चटका बसल्यासारखा. मला वाटलं आता यांना मार बसतो.

"ऐका," ते म्हणाले. "ह्यो दगड म्या आनला. नसरापुरात कोरून घेतला. ह्यात देवी न्हाई. अक्षरं हायेत, ती तुमच्या शेंदरानं बुजली. अक्षरं बाईंनी लिवली, गोष्ट माज्या आज्याची हाय. म्या रोज वाकायचो ते आमच्या गावची रीत म्हनून. मला कौल लावता येत न्हाई. म्हंजे येतोय, पर लावनार न्हाई." मग त्यांनी बोट ठेवून वाचलं. "याच्या वर घर बांधू नका. डोंगर इथवर आला होता."

मी मनात म्हटलं, खरं सांगितलं आणि गेलं. आता ना देवी राहिली ना दगड.

तेवढ्यात धोंडाबाई म्हणाली, "एवडंच व्हय? तुमी बसवली म्हनून काय झालं? वाघजाई काय आपल्या पायानं चालत आली व्हती? आमच्या पणज्यानंच बसवली. कुनीतरी बसवल्याबिगर देव बसतोय का?"

"अवं, पर ही देवी न्हाई, म्या सांगतोय ना..."

"तुमी गप ऱ्हावा. परत वाचा, काय लिवलंय ते."

काकांनी परत वाचलं.

"झालं तर मंग," धोंडाबाई गावाकडे वळली. "बाकीच्या देव्यांना कौल लावावा लागतो, कारन त्या बोलत न्हाईत. ही बाई अंगावर लिवूनच आलीया, वर बांधू नका म्हनून. तिला आनि काय इचारायचं? बहिरे हायसा का?"

एक म्हातारा पुढे आला आणि दगडाच्या पायथ्याशी काठी टेकवून म्हणाला, "गोठ्याचं खरं हाय. माजा बा बी सांगायचा. ध्यानातनं गेलं व्हतं." ग्रामसभेत हाच म्हातारा माझ्या भाषणाच्या वेळी पहिल्या ओळीत बसला होता.

मी तोंड उघडलं. हे तर्काला धरून नाही, हे मला सांगायचं होतं. काकूंनी माझा दंड धरला. चिमटा नव्हता, पण त्याच जातीचं काहीतरी होतं.

सरपंचानं टोपी काढून डोकं खाजवलं. "माजं काय म्हननं न्हाई. देवीचं ऐकू, आज्याचं ऐकू, बाईंचं ऐकू. पर जागा? सांगा. आठ दिवसांत मंजुरी जाती." सगळे जमिनीकडे बघू लागले. गावात जमिनीचा विषय निघाला की माणसं नेहमीच जमिनीकडे बघतात.

"रस्त्याकडंचा तुकडा घ्या," काकू म्हणाल्या.

काकांनी वळून पाहिलं. फडकं त्यांच्या हातात तसंच होतं.

"माज्या नावावर हाय," काकू सरपंचाला सांगत होत्या. "सपाट हाय, डोंगर लांब हाय, पानी खाली हाय. कुंपन तेवडं घाला, पोरं उतरतील पान्याकडं."

"अगं, हाटेल..." काका म्हणाले.

"हाटेलात गोड रस्सा कोन खानार व्हतं?" काकू म्हणाल्या. "इतकी वर्सं मी खातीया तेवडं बास हाय."

लोक हसले. काका हसले नाहीत. ते काकूंकडे वळले. मग दोन्ही हात मांड्यांवर घेऊन, तेलाच्या वाटीसकट, भर गावासमोर कमरेत वाकले. काकू पदर सावरत म्हणाल्या, "पुरं. कंबर धरंल." पण या वेळी ते लवकर उठले नाहीत.

खोली वर्षभरात झाली. कंत्राटदारानं खिडक्या रस्त्याच्या बाजूला काढल्या होत्या. काका रोज जाऊन भांडले आणि त्या पाण्याकडे करून घेतल्या. उद्घाटनाला त्यांनी पोरांसाठी गोड रस्सा केला. पोरांनी एकेक घास घेतला आणि खिचडी मागितली. चिमीनं तर ताट सरळ आजीकडे सरकवलं. काका दाराबाहेर बसून पाहुण्यांच्या चपला फिरवत होते. मी जाऊन शेजारी बसले. विचारलं, वाईट वाटलं का?

"वाटलं की," ते म्हणाले. "दोन दिस जेवलो न्हाई. मग आमचं गाव आठवलं. तिकडं शाळा हाय, खिडक्या समुद्राकडं हायेत, पोरंच न्हाईत. बाकडी बसत्यात समुद्र बगत." त्यांनी एक इवलीशी चप्पल वळवून ठेवली. "हितं बगा किती हायेत. वळवून वळवून हात दुखाय लागला."

माझी तिथली तासिकांची नेमणूक पुढच्या जूनमध्ये संपली. निघायच्या आधी इशाईचा पहिला उत्सव झाला. शेंदूर परत आला होता, पण अक्षरं सोडून. धोंडाबाईचा तसा दंडकच होता की बाईचं तोंड बुजवायचं नाही. काका दर सणाला ती पांढऱ्या रंगानं भरत. अडचण एकच होती. नव्या देवीला आरती नव्हती. सरपंच माझ्याकडे आला होता. मी स्वच्छ नकार दिला. म्हणाले, मला जे लिहायचं होतं ते मी दगडावर लिहिलंय. तो म्हणाला, बरं, मग तेच म्हणू.

आणि तेच म्हटलं गेलं. टाळ, झांजा, आणि अंगणवाडीतली सगळी पोरं पहिल्या ओळीत. 'याच्या वर घर बांधू नका, डोंगर इथवर आला होता.' एकालाही वाचता येत नव्हतं. सेविकेनं तोंडपाठ करून घेतलं होतं. मी आरतीला उभी राहत नाही, टाळ्या वाजवत नाही. तेव्हाही वाजवल्या नाहीत, हाताची घडी घालून कडेला उभी होते. चिमी माझ्या पुढ्यात होती. पहिलं वाक्य तिनं जोरात म्हटलं, दुसऱ्याला 'डोंगर' म्हणाली आणि अडली. बाकीचे पुढे गेले. ती तोंड उघडं ठेवून इकडेतिकडे बघू लागली.

मी वाकून तिच्या कानात म्हणाले, "इथवर आला होता."